राज्यशास्त्राच्या सरांना एक मोकळी दुपार द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



2024-25 साली संलग्न कॉलेजांत एफवायबीएला बसलेली मुले 2027-28 साली चौथ्या वर्षाला येतील. स्वायत्त कॉलेजे त्यांच्या एक वर्ष पुढे आहेत. पहिल्या सहा सत्रांत ज्यांना 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण पडतील, त्यांना ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येईल आणि त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागेल. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आर्ट्‌स कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. हे पत्र त्या 12 क्रेडिटांविषयी आहे. हा प्रकल्प मुलांकडून करून घेणार कोण आणि कोणत्या वेळात, एवढाच माझा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, कॉलेजात सर-मॅडम आहेतच की. आहेत. त्यांच्या टेबलावर काय असते ते सांगते. सत्र संपत आले की स्टाफरूममध्ये फील्ड प्रोजेक्टच्या फायलींचा ढीग येऊन पडतो. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानाला नक्षीची चौकट. निम्म्याहून अधिक फायलींचा विषय ‘ग्रामपंचायतीची रचना व कार्ये’. ऋणनिर्देशात ‘मागदर्शन’, रफार गळालेला, आणि तो सगळ्याच फायलींत एकाच ओळीत गळालेला, कारण गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मूळ फाइल एकच. एका फायलीत तर भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार मानलेले होते. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. शंभरावर फायली, प्रत्येकीला दोन क्रेडिट आणि तपासायला एक माणूस. तोही बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासाच्या पैशावर आलेला आणि पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसलेला. दोन क्रेडिटांचे असे झाले, तर बारांचे काय होईल याचा हिशेब झेरॉक्सवाल्याने एव्हाना केलाही असेल.

हे चौथे वर्ष ज्यातून आले, त्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तक्षशिला-नालंदा आहेत, बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कला आहेत आणि यालाच आजच्या काळात लिबरल आर्ट्‌स म्हणतात असेही आहे. बाणभट्टाबद्दल माझी तक्रार नाही. पण चार वर्षांची पदवी, मेजर-मायनर, शेवटच्या वर्षी प्रबंध, हा साचा अमेरिकेतल्या छोट्या निवासी कॉलेजांच्या फार जवळचा आहे, हे उघड मान्य केलेले बरे. साचा घेतला की त्या कॉलेजांत राज्यशास्त्राचा मास्तर दिवसभर करतो काय, तेही बघावे लागते. आपण अभ्यासक्रमाचा तक्ता पाहिला, त्याचे वेळापत्रक नाही पाहिले.

लोकप्रशासनाचा जनक कोण, हे एमपीएससी करणाऱ्या मुलाला झोपेतून उठवून विचारा. वुड्रो विल्सन, 1887, ‘द स्टडी ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’. विल्सन पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, म्हणून हा लेख कुठल्या तरी बड्या विद्यापीठात बसून लिहिला असणार असे आपण धरून चालतो. तेव्हा विल्सन तीस वर्षांचे होते आणि फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवत होते. कॉलेज उघडले 1885 साली, विल्सन लागले तेही त्याच वर्षी. लेखाचे मूळ म्हणजे 1886 मध्ये कॉर्नेलला दिलेले एक व्याख्यान. (मुलींना शिकवण्यात त्यांचे मन काही रमले नाही, 1888 मध्ये ते वेस्लियनला निघून गेले. एका विषयाचा जनक झाला म्हणजे माणसात सगळेच गुण असतात असे थोडेच आहे.) ज्या लेखावर आपण आजही दोन-दोन गुणांचे प्रश्न काढतो, तो पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका तरुण मास्तराने लिहिला. आपल्या मुलांना साल पाठ असते. हा मास्तर आपल्या सरांसारखाच कॉलेजात तास घेत होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

यापेक्षा आपल्या जवळचे नाव एलिनॉर झेलियट यांचे. त्या इतिहासाच्या, पण आंबेडकरी चळवळीच्या राजकारणावर लिहिणाऱ्याला त्यांना ओलांडून जाता येत नाही. 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी, विषय डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. आणि त्याच वर्षापासून 1997 पर्यंत मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी कार्लटन कॉलेजात नोकरी. कार्लटनमध्ये पीएचडीचे विद्यार्थी नसतात. समोर बसतात ती अठरा ते बावीस वर्षांची मुले. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या अशा कॉलेजांनी एकत्र येऊन पुण्यात एक अभ्यासक्रम चालवला. ती मुले पुण्यातल्या घरांत राहत, मराठी शिकत, आणि आपला एखादा विषय धरून त्यावर काम करत. विषय परका, भाषा परकी, वय विशीचे, तरी जमत असे, कारण पाठवणाऱ्या बाई स्वतः त्या वाटेने जाऊन आलेल्या होत्या. ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हा त्यांचा निबंधसंग्रह 1992 मध्ये आला आणि प्रबंध पुस्तकरूपाने यायला तर त्याहूनही वेळ लागला. आपल्या बढतीच्या फॉर्मात बसवायचे म्हटले, तर प्रबंध आणि पुस्तक यांमधल्या त्या वर्षांपुढे आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले असते. जाता जाता सांगते, कासेगावच्या चळवळ-अभ्यासक गेल ऑम्व्हेट याही कार्लटनच्याच; झेलियट तिथे यायच्या आधी शिकून बाहेर पडलेल्या.

आणि अमृता बसू. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवतात. 1992 सालचे त्यांचे ‘टू फेसेस ऑफ प्रोटेस्ट’ हे पुस्तक अर्धे बंगालवर आहे आणि अर्धे आमच्यावर. आमच्यावर म्हणजे शहाद्याच्या बाजूच्या श्रमिक संघटनेवर. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, 1998 पासून नंदुरबारमध्ये. अंबरसिंग सुरतवंती यांच्या कामातून आणि बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने 1972 मध्ये उभी राहिलेली ही संघटना. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असतानाच भिल्ल बायकांनी दारूचे गुत्ते गाठून मडकी फोडली, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. बसूंनी प्रश्न विचारला तो असा: पश्चिम बंगालमध्ये मार्क्सवादी पक्ष सत्तेत, त्याच्याकडे बायकांची भलीमोठी संघटना, इकडे खानदेशच्या कोपऱ्यात सत्ता नसलेली, पैसा नसलेली एक छोटी संघटना. मग बायकांचे बंड इथे का उसळले आणि तिथे का नाही? त्यांचे उत्तर पक्षाच्या दिशेने जाते. सत्ता टिकवायची असलेला पक्ष घरातल्या भांडणाला हात घालायला कचरतो, बायकांची संघटना पक्षाच्या कार्यक्रमाला जुंपली जाते. आदिवासी बाईला कामात आणि घरात असलेली थोडी अधिक मोकळीक हेही त्यांनी मोजले आहे. उत्तराशी वाद घालता येतो, घालावाही. पण प्रश्न कसा टाकायचा, दोन ठिकाणे शेजारी ठेवून काय काय तपासायचे, हे तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात मी महिनाभर बडबडून सांगत असे ते या पुस्तकात सरळ दिसते.

हे पुस्तक माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हते. शहादा आमच्याकडून एसटीने जेमतेम दोन तास. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी स्वतः लिहिले, वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी त्यातून निघाला. पण आमच्या विभागातून असे काही निघाले नाही. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. ॲमहर्स्टला प्राध्यापक सत्राला दोन कोर्स शिकवतो, काही वर्षांनी त्याला पगारी अभ्यासरजा मिळते, आणि पूर्ण कॉलेजात मुले मिळून एकोणीसशेच्या आसपास. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे आपल्या सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचे, सहयोगी आणि प्राध्यापकाने 14. आकडा ऐकायला वाईट नाही. पण वर्गात शंभर मुले, त्यांचे पेपर, नॅकच्या फायली, प्रवेश समिती, एनएसएसचे शिबिर, आणि विभागातल्या तीन मंजूर जागांपैकी दोन रिकाम्या असल्या की त्यांचेही काम. निवडणूक आली की राज्यशास्त्राचा प्राध्यापक मतदान केंद्राध्यक्ष होतो. देशभर लोक मतदान कसे करतात याची चर्चा चाललेली असते, तेव्हा या विषयात एम.ए., नेट, पीएचडी झालेला माणूस एका शाळेच्या खोलीत मशीन सील करून नमुना 17-सी भरत बसलेला असतो.

श्रीमंत कॉलेजांची उदाहरणे देऊन काय उपयोग, असे तुमचे सचिव म्हणतील, आणि ते खरेही आहे. ॲमहर्स्टची गंगाजळी तीन अब्ज डॉलरच्या वर आहे आणि तिथे एका मुलाचा वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. ते मागणारी मी कोण. पण फर्ग्युसनकडे कुठे अब्जावधी होते? गोपाळ कृष्ण गोखले तिथे 1902 पर्यंत शिकवत होते. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पुढे येईल ते. 1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे लंडनला जाऊन हिंदुस्थानच्या जमाखर्चावर साक्ष दिली ती कॉलेजातल्या नोकरीत असतानाच. त्यांना आकडे समजावून देणारे गणेश व्यंकटेश जोशी तर सरकारी शाळेत शिक्षक. दोघांकडेही रिसर्च ग्रँट नव्हती. सरकार पैसे कुठे घालते हे शोधून काढण्याची खोड होती, आणि ती खोड म्हणजे नोकरीत कसूर असे त्यांच्या संस्थेला वाटत नव्हते.

इथे मी खऱ्या अडचणीशी येते. वेळेची अडचण पैशाने सुटेल, ही सुटणार नाही.

माझ्या एसवायबीएच्या वर्गातल्या एका मुलीने झेरॉक्सवाल्याची फाइल न आणता स्वतःच्या गावच्या ग्रामसभांना बसायचे ठरवले. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे गावातल्या मतदारांचे 15 टक्के किंवा 100 माणसे, यांत जे कमी असेल ते. हे तिने वर्गात ऐकले होते. ती वहीत माणसे मोजून आली. शाळेच्या पडवीत तीस-बत्तीस. हजेरीच्या रजिस्टरात शंभरावर सह्या. मग ती शिपाई काकांच्या मागे लागली. सभा झाल्यावर रजिस्टर पिशवीत घालून मोटरसायकलवर घरोघरी फिरते, हे तिने दोनदा पाहून लिहिले. सह्यांच्या तीन पानांत निळी शाई एकाच पेनाची आहे आणि अंगठे मात्र जांभळ्या पॅडचे आहेत, हेही लिहिले. पुढे तिने बायकांना विचारले, तुम्ही का येत नाही. घरकुलाची यादी आधीच ठरलेली असते, येऊन काय करायचे, असे उत्तर तिला सात-आठ घरांत मिळाले. मराठी अशुद्ध, मांडणी विस्कळीत, संदर्भसूची नाही. तरी ते संशोधन होते. विल्सनसाहेबांनी प्रशासन कसे चालावे ते लिहिले. ही पोर ते कसे चालते ते लिहून आली.

चार दिवसांनी ग्रामसेवकाचा प्राचार्यांना फोन आला. त्यानंतर संस्थेच्या कार्यालयातून विचारणा आली की मुलांना असले उद्योग कोण देते. मुलीला मी गुण दिले, फाइल कपाटात गेली, विषय संपला. पुढच्या वर्षी सगळ्या फायली पुन्हा ‘रचना व कार्ये’.

महोदय, तुम्ही राजकारणात आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. गणिताच्या प्राध्यापकाचा संस्थेच्या अध्यक्षाशी अभ्यासापुरता संबंध येत नाही. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचा येतो, कारण अध्यक्ष आमदार असतात किंवा माजी आमदार, कारखान्याचे संचालक असतात, जिल्हा बँकेवर असतात, बाजार समिती त्यांच्या गटाची असते. तालुक्याचे राजकारण हाच आमचा विषय आणि तालुक्याचे राजकारण हेच आमचे मालक. म्हणून आमच्या पीएचडीचे विषय कौटिल्याच्या सप्तांग सिद्धान्तावर असतात किंवा सार्क संघटनेच्या भूमिकेवर. कौटिल्य फोन करत नाही.

हे दुखणे फक्त आपलेच आहे असे नाही. ॲमहर्स्टने 1923 मध्ये आपल्या अध्यक्षाला, अलेक्झांडर माइकलजॉनना, राजीनामा द्यायला लावला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून पदवी नाकारली. पुढे याच माइकलजॉननी भाषणस्वातंत्र्यावरचा एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. अशा भांडणांतून तिथे नियम बनले. 1940 साली प्राध्यापकांच्या संघटनेने आणि कॉलेजांच्या संघटनेने मिळून शैक्षणिक स्वातंत्र्य आणि कायम नोकरी यांचे एक निवेदन मान्य केले, ज्यात कॉलेज चालवणाऱ्यांचीही सही आहे. आपल्याकडे खासगी पैशातून उभ्या राहिलेल्या नव्या लिबरल आर्ट्‌स संस्थांचे कौतुक होते आणि शिकवण्याच्या बाबतीत ते बरेचसे रास्तही आहे. पण मार्च 2021 मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक प्रताप भानू मेहता यांनी अशोका विद्यापीठ सोडले, तेव्हा आपला संबंध संस्थेला राजकीयदृष्ट्या जड जाऊ शकतो, असे त्यांनी राजीनाम्यात लिहिले होते. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर तासिका तत्त्वावरच्या माझ्या सहकाऱ्याने तालुक्याच्या बाजार समितीवर लिहावे असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

मागणी करताना मी हात आखडता घेतला आहे. संशोधन प्रकल्पाचे मार्गदर्शन वर्कलोडमध्ये तासांनी धरा; एका मार्गदर्शकाकडे पाच-सहापेक्षा अधिक मुले नकोत. आठवड्यातली एक दुपार वेळापत्रकात कोरी सोडा, आणि त्या दुपारी प्राध्यापक कॉलेजात दिसला नाही तर तो मुलांना घेऊन तहसील कचेरीत, पंचायत समितीत किंवा कुणाच्या ओट्यावर बसला आहे, असे प्राचार्यांनी समजावे. ज्या विभागात एकही कायम प्राध्यापक नाही, तिथे ‘विथ रिसर्च’चे चौथे वर्ष उघडायला परवानगी देऊ नका, संस्थेने कितीही वजन टाकले तरी. यावर ओरड होईल, आणि ती व्हायलाच हवी, कारण मग जागा भरण्याची मागणी प्राध्यापकांच्या संघटनांकडून नाही तर संस्थाचालकांकडून तुमच्याकडे येईल, आणि त्यांचे तुम्ही ऐकता.

चौथी गोष्ट जराशी अवघड आहे. विद्यापीठाच्या नियमावलीत एक कलम घाला: मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पाचा विषय, त्यातली निरीक्षणे किंवा निष्कर्ष यांच्यामुळे विद्यार्थ्यावर वा मार्गदर्शकावर संस्थेला कारवाई करता येणार नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची पुढच्या वर्षीची नेमणूक या कारणाने नाकारता येणार नाही. कलमाने फोन थांबणार नाहीत, हे मला कळते. पण फोन आला की प्राचार्यांना दाखवायला एक कागद असेल. आपल्याकडे प्राचार्याला धैर्य यायला पुष्कळदा कागदच लागतो.

माहिती गोळा करणारी मुले आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या ‘लोकनीती’ या संशोधन गटाच्या निवडणूक-सर्वेक्षणांसाठी प्रश्नावल्या घेऊन उन्हातान्हात गावे पालथी घातलेली मुले अशाच कॉलेजांतली आहेत. यादीतल्या मतदाराचे घर शोधत शोधत वाडीपर्यंत जायचे, दारातल्या पुरुषाला बाजूला करून बाईला तिचे स्वतःचे मत विचारायचे, हे त्यांना छान जमते. भरलेले फॉर्म दिल्लीला जातात, तिथे त्यांचे तक्ते होतात, ते चांगले काम आहे. आता त्याच मुलांना स्वतःचा प्रश्न स्वतः बनवून त्याचे उत्तर इथेच बसून लिहू द्यायचे आहे, इतकेच.

या पत्राची पोच मला नको. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांच्या जाहिराती जून-जुलैत निघतात. वर्कलोडचे परिपत्रक त्याआधी निघाले तर मला स्टाफरूममधून कळेलच.

आपली,
राज्यशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, खानदेश